चेंगट बाईंचा कोपरा

पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात एके काळी एक कुजबूज फार जोरात होती. ती अशी, की फर्मे उचलणाऱ्या बायकांमधली चेंगट टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर आली की मुद्दाम पाय ओढते, आणि ओढते ते कटिंगमास्तरसाठी. कोणी म्हणे, ती त्याच्याकडे बघून हसते. कोणी म्हणे, हसत नाही, नुसती उसासे टाकते. पुठ्ठे चिकटवणाऱ्या म्हाताऱ्याने तर शपथेवर सांगितलं होतं, की तिने एकदा डोळे मिटून मान वर केली आणि मास्तरचं नाव घेतलं. म्हाताऱ्याला दोन हातांवरचंही धड ऐकू येत नसे, पण अशा वेळी साक्षीदाराचे कान तपासत बसतो कोण!

आधी 'चेंगट' म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. हल्ली लोक हा शब्द कुणालाही चिकटवतात आणि मोकळे होतात. आळशी म्हणजे चेंगट नव्हे. आळशी माणूस काम करतच नाही, त्यामुळे त्याचा त्रास एकदाच होतो. ऐदी माणूस दुसऱ्याकडून करून घेतो. वेळकाढू माणूस लबाड असतो, त्याचा एक डोळा घड्याळाकडे असतो. मंद म्हटलं की डोक्याबद्दल शंका येते, आणि संथ म्हणावं ते नदीला. चेंगट माणसाचं तसं काहीच नसतं. तो काम करतो. सगळं करतो, नीट करतो, मन लावून करतो, आणि बघणाऱ्याला मात्र वाटतं, की आता उठावं आणि स्वतःचे केस तरी उपटावेत नाहीतर त्याचे तरी.

शब्द एकच, पण ज्याच्या त्याच्या तोंडी त्याची चव निराळी. या बाईची आई तिला 'चेंगटे' म्हणायची, ते हाकेसारखं, डोक्यावरून हात फिरवल्यासारखं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, ते छडी आपटल्यासारखं. कारखान्याचा मालक म्हणायचा तेव्हा जणू त्याच्या दाढेत कळ यायची. आणि कारखान्यातल्या बायकांच्या तोंडी तो शब्द म्हणजे चक्क नावच झालं होतं. नवी आलेली पोरगीसुद्धा दुसऱ्या दिवसापासून 'चेंगटताई' म्हणायला लागायची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते वाचून दाखवलं तर तिलाच ओ द्यायला वेळ लागायचा.

आता, चेंगट माणूस कुठेही खपून जातो, पण फर्मे उचलण्याच्या टेबलाशी नाही. ते काम होतं असं: छापखान्यातून मोठे कागद यायचे, त्यांच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा व्हायचा. वीस-बावीस फर्मे झाले की एक पुस्तक. खोलीच्या मधोमध एक लांबच लांब टेबल, त्यावर कडेकडेने फर्म्यांचे ढीग क्रमाने मांडलेले. बायकांनी एकीमागे एक टेबलाभोवती चालायचं, प्रत्येक ढिगातून एक फर्मा उचलायचा, डाव्या हातावर ठेवायचा, पुढे सरकायचं. फेरा संपला की हातावर अख्खं पुस्तक तयार. ते ठेवायचं आणि पुन्हा चालू लागायचं. टेबल आणि भिंतीकडची फळ्यांची मांडणी यांच्यामध्ये वाट एवढी अरुंद, की एकीला ओलांडून दुसरी पुढे जाणं शक्य नव्हतं. म्हणजे सगळ्यांचा वेग तोच, जो सगळ्यात हळू चालणारीचा.

त्या टेबलावर देखरेख करणारी मुकादमीणबाई तिला पुढे ठेवून बघायची, मागे ठेवून बघायची. पण गोल फिरणाऱ्या रांगेला कसलं पुढे आणि कसलं मागे?

"अगं चेंगटे, फर्मा आहे तो, लेकरू नाही! उचल आणि चल!"

"उचलतेच आहे बाई," ती म्हणायची. हे उत्तर येईपर्यंत मुकादमीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच कुणावर ओरडत असायची.

तिच्या लगेच मागे चालायची भिंगरी. नावासारखीच पोरगी; हातापेक्षा पाय चपळ आणि पायापेक्षा जीभ. दिवसभर चेंगटताईच्या पाठीशी नाक लावून चालायचं म्हणजे भिंगरीला शिक्षाच. मग ती बोलायची.

"ताई, आज पोचायचं ना पलीकडे?"

चेंगट दोन ढीग ओलांडायची, तिसऱ्यातला फर्मा उचलायची, त्याच्या कोपऱ्यावरचा आकडा बघायची, हातावरच्या फर्म्यांवर नीट बसवायची आणि मग म्हणायची, "पोचायचं तर आहेच."

तरीही मालकाने तिला काढलं नव्हतं, त्याला कारण होतं. तिने उचललेल्या पुस्तकात कधी फर्मा उलटा आला नाही, कधी एकच दोनदा आला नाही, कधी गायब झाला नाही. भिंगरीने उचललेल्या पुस्तकांत मात्र कधी कधी गोष्टीतला नायक मरून दोन प्रकरणांनी पुन्हा जेवायला बसलेला सापडायचा.

कुजबूज भिंगरीनेच सुरू केली, हे वेगळं सांगायला नको. ती चेंगटच्या मागे होती, तिला सगळं जवळून दिसायचं. टेबलाच्या तीन कोपऱ्यांवर चेंगट नेहमीसारखीच चेंगट. पण चौथ्या कोपऱ्यावर, जिथे कटिंग मशीन होतं आणि मशीनपाशी मास्तर उभा असायचा, तिथे ती चक्क थांबायची. मान किंचित वर, डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला लाज वाटावी. हे एकदा नाही, प्रत्येक फेऱ्याला. भिंगरीने ते आधी एकीला सांगितलं, तिने तिखटमीठ लावून दुसरीला, आणि आठवडाभरात ते पुठ्ठे चिकटवणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत पोचलं.

सगळ्यात शेवटी ते कळलं कटिंगमास्तरला.

कटिंगमास्तर म्हणजे चेंगटचं दुसरं टोक. वय अडतीस, अंगकाठी शिडशिडीत, आणि सगळ्या गोष्टी झटकीपट. शिवून झालेल्या पुस्तकांची चळत मशीनमध्ये सरकवायची, दाबपट्टी खाली, पातं खाली, खच्च. चळत फिरवायची, खच्च. पुन्हा फिरवायची, खच्च. तीन बाजू सफाईने कापलेल्या, आणि कात्रण पायाशी. चौथी बाजू शिवणीची, तिला पातं लागू द्यायचं नाही. जेवण चार मिनिटांत, शर्टाची बटणं जिना उतरता उतरता, आणि बोलणं असं, की वाक्यातला शेवटचा शब्द त्याच्या तोंडातच राहायचा. दोन धाकट्या बहिणींची लग्नंही त्याने अशीच उरकली होती. स्वतःचं तेवढं राहून गेलं होतं. घाईत माणूस एखादी गोष्ट विसरतो, तसं.

चहावाल्याने मशीनवर ग्लास ठेवता ठेवता विषय काढला.

"मास्तर, तुमचं बरं चाललंय."

"काय?"

"नाही, आपलं असंच. कोपऱ्यावर गर्दी वाढलीय म्हणतात."

"कसली गर्दी? कुठला कोपरा? नीट बोल की."

चहावाल्याने नीट सांगितलं. मास्तर भडकला. "रिकामटेकडे लेकाचे! काम नाही धंदा नाही!" असं म्हणाला, चहा एका घोटात संपवला, जीभ भाजून घेतली, आणि चहावाला गेल्यावर खिडकीच्या काचेत बघून भांग सारखा केला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दाढी करून यायला लागला. बायकांच्या नजरेतून ते सुटणार थोडंच? भिंगरी मोठ्याने म्हणाली, "आज कोपऱ्यावर उजेड जास्त पडलाय, नाही?" टेबलाभोवती हशा फिरला. चेंगट हसली नाही. ती पुढच्या ढिगापाशी गेल्यावर म्हणाली, "ढग गेले असतील." भिंगरीला ठसका लागला.

मास्तर मात्र बघायला लागला होता. आणि एकदा बघायला लागल्यावर त्याला सगळंच दिसायला लागलं. खरंच थांबत होती ती! तिची एक वेणी होती, ती फर्म्यांत येऊ नये म्हणून ती पदरात खोचायची, तेही सावकाश. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं कागदाने गुळगुळीत झालेली. कोपऱ्यावर आली, की तिचा चेहरा तो तसा व्हायचा आणि मास्तर हातातली चळत तशीच धरून बघत राहायचा. आपल्यासाठी कुणी अडतिसाव्या वर्षी थांबतंय, दिवसातून शंभर वेळा थांबतंय, या विचाराने शहाण्या माणसाचंही डोकं फिरेल. मास्तर तर तेवढाही शहाणा नव्हता.

आणि मग ती दुपार आली.

कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ बांधायला आला होता. शिवण झालेली पुस्तकं चळती करून मास्तरच्या उजव्या हाताला रचली होती. चेंगट कोपऱ्यावर आली, थांबली. मास्तरने चळत मशीनमध्ये सरकवली, नजर कोपऱ्यावर, पातं खाली. खच्च. काढली, दुसरी सरकवली. खच्च. तिसरी. चौथी. हात असे सरावलेले, की डोळ्यांची त्यांना गरजच नव्हती. पाचवी चळत उचलताना त्याने सहज कापलेल्या चळतीला हात लावला आणि वरचं पुस्तक उचललं. पुठ्ठ्यात घालण्याआधीच ते पुस्तक पुस्तक राहिलं नव्हतं. पानं सुटी होऊन त्याच्या पायावर सांडली. दुसरं उचललं, तेही तसंच. त्याने शिवणीची बाजू कापली होती. चार चळती, पन्नासच्या वर पुस्तकं, दोन बायकांची चार दिवसांची शिवण, सगळी कात्रणात.

पुस्तकबांधणीत चुका सतरा प्रकारच्या होतात, पण ही चूक कुणी करत नाही. लाकूडतोड्या जसा स्वतः ज्यावर बसलाय ती फांदी तोडत नाही, तसं कटिंगवाला शिवण कापत नाही.

मालक धावत आला. खाली बसला, पानं हातात घेतली, पुन्हा सोडून दिली. मग उभा राहिला आणि मास्तरकडे न बघता टेबलाकडे बोट केलं. कुजबूज त्याच्याही कानापर्यंत पोचली होती.

"उद्यापासून ती चेंगट मला या खोलीत दिसता कामा नये. या खोलीत काय, कारखान्यातच नको. पुष्कळ झाले लाड!"

भिंगरीचा चेहरा पांढरा पडला. तिने चेष्टा केली होती, कुणाची नोकरी नव्हती मागितली.

"मालक," मास्तर म्हणाला, "मशीनवर मी होतो. बाईंनी मशीनला हातसुद्धा लावलेला नाही."

"मग हे झालं कसं? वीस वर्षं पातं चालवतोयस. लक्ष कुठे होतं तुझं?"

मास्तरने आयुष्यात पहिल्यांदा उत्तर द्यायला वेळ घेतला. टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका हातावर अर्धी अर्धी पुस्तकं घेऊन उभ्या होत्या.

"त्यांच्याकडे," तो म्हणाला.

आधी एकजण फिसकन हसली, मग दुसरी, मग मुकादमीणबाईनेच पदर तोंडाला लावला आणि सगळी खोली फुटली. मालकाला ओरडायचं होतं, पण हसणाऱ्या पंधरा बायकांवर ओरडता येत नाही. "दोघंही माझा जीव घ्या!" एवढं म्हणून तो निघून गेला, आणि चेंगटला काढायचं त्या गडबडीत राहून गेलं ते गेलंच.

चेंगट तेवढी हसली नव्हती. तिने हातातला फेरा पुरा केला, पुस्तक जागेवर ठेवलं, वर लाकडी ठोकळा ठेवला. जेवणाची सुट्टी झाली. सगळ्या हात धुवायला गेल्या. मास्तर जमिनीवर बसून सुटी पानं गोळा करत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, मघाशी तुम्ही काय म्हणालात?"

"कधी?"

"मालकांनी विचारलं तेव्हा. माझ्याकडे का बघत होतात?"

मास्तरने पानांचा गठ्ठा छातीशी धरला आणि एका दमात म्हणाला, "लग्न कराल माझ्याशी?" शेवटचा शब्द नेहमीसारखा तोंडातच राहिला, पण एवढं ऐकू आलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून एक पान उचललं, त्याच्या हातातल्या गठ्ठ्यावर नीट बसवलं.

"बघून सांगते," ती म्हणाली आणि डबा खायला गेली.

मास्तरला हे उत्तर कळेना. बघायचं काय राहिलंय? जी बाई दोन वर्षं रोज आपल्यापायी कोपऱ्यावर खोळंबते, तिला अजून बघायचंय? त्याला वाटलं, ही लाजतेय. दोन दिवसांत सांगेल. दोन दिवस झाले, आठवडा झाला, महिना झाला. कोपऱ्यावर ती पूर्वीसारखीच थांबत होती, पूर्वीसारखेच डोळे मिटत होती, आणि ताकास तूर लागू देत नव्हती.

आणि बघत मात्र होती. खरंखुरं बघत होती, तिच्या पद्धतीने. एके दिवशी तिने चहावाल्याला विचारलं, "मास्तर ग्लास परत देताना कसा देतात? हातात, की ठेवून?" दुसऱ्या आठवड्यात मास्तरच्या घरमालकिणीला बाजारात गाठून तासभर बोलली, तासभरात विचारले तीनच प्रश्न. एका रविवारी मुकादमीणबाईला सोबत घेऊन त्याच्या खोलीवर आली. मास्तरने सकाळपासून धावाधाव करून सगळं आवरलं होतं. तिने नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बंद केली, पलंगाखाली वाकून बघितलं, कपाटाच्या आतल्या बाजूला हात फिरवला.

"बाई, काही हरवलंय का तुमचं?" मास्तरने न राहवून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खोली चांगली आहे." आणि जिना उतरायला लागली. ती जिना उतरेपर्यंत मुकादमीणबाईचा खाली दुकानात निम्मा बाजार झाला.

कारखान्यात पैजा लागल्या, चहाच्या. भिंगरी रोज सकाळी विचारायची, "मास्तर, निकाल?" मास्तर पातं पुसायचा.

सात महिने झाले आणि मास्तरची अक्का आली. ही त्याची थोरली बहीण, घरातली सगळी घाई हिच्यापासूनच सुरू झालेली. चपला काढायच्या आधी ती बोलायला लागली.

"हे बघ, मी स्थळ आणलंय. माझ्या नणंदेच्या शेजारची. वय बत्तीस, स्वभावाने मोकळी, दोन दिवसांत अख्खा स्वेटर विणते. दोन दिवसांत! रविवारी त्यांना शब्द द्यायचाय. तुझं ते काय आहे, ते मला ठाऊक आहे, सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिला सांग, शनिवारपर्यंत काय ते बोल. नाहीतर माझी वाट मोकळी."

"अक्का, थोडं थांब."

"सात महिने थांबलास! एवढ्या वेळात लोकांची पोरं रांगायला लागतात!"

मास्तरने चेंगटला सांगितलं. कोपऱ्यावर ती थांबली असतानाच सांगितलं, कारण दुसरीकडे तिला गाठायचं म्हणजे सगळी रांग अंगावर यायची. "शनिवारी पाच वाजेपर्यंत सांगा. हो म्हणा, नाही म्हणा. माझी हरकत नाही. पण सांगा." हरकत नाही, हे तो खोटं बोलला. तिने मान हलवली.

शनिवार आला. त्या दिवशी मास्तरने पातं तीनदा पुसलं. चार वाजले, साडेचार वाजले. पाच वाजता भोंगा झाला. चेंगटने हातातलं पुस्तक ठेवलं, वर ठोकळा ठेवला, पदर झटकला, डबा घेतला आणि दाराबाहेर गेली. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत, हळूहळू, पाय न वाजवता गेल्या.

मास्तर एकटा राहिला. त्याला राग आला होता. त्याने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि सगळी खोली झाडून काढली. झाडणं त्याचं काम नव्हतं. टेबलाखालची, मांडणीखालची, वर्षानुवर्षांची कात्रणं ओढून काढली, पोत्यांत कोंबली, पोती बांधली. मशीनला तेल दिलं. टेबलावरचा एक ढीग कलला होता, तो सरळ केला. कुठे काही आपटलं नाही, फेकलं नाही, एक शिवी दिली नाही. मग दिवा मालवला, कुलूप लावलं आणि घरी गेला.

रविवारी अक्का हजर. "बोल, देऊ ना शब्द?"

मास्तरने तोंड उघडलं. हो म्हणायचं ठरवलंच होतं त्याने. रात्रभर तेच ठरवलं होतं. पण तोंडातून आलं ते असं:

"बघून सांगतो."

अक्का बघतच राहिली. "काय म्हणालास?"

"बघून सांगतो, अक्का."

"तुलाही तिचा रोग लागला म्हण की! चेंगट कुठला!"

आपल्याला कुणी चेंगट म्हणेल, हे मास्तरच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शब्द अंगावर पडला आणि त्याला वाईट वाटायच्या ऐवजी कसं मोकळं मोकळं वाटलं. तो हसायला लागला. अक्काने कपाळावर हात मारला, चपला घातल्या आणि रागारागाने निघून गेली. तिच्या नणंदेच्या शेजारणीला महिनाभरात दुसरीकडे दिली. तिथे ती सुखाने नांदली आणि आळीभर स्वेटर वाटत राहिली, असं ऐकिवात आहे.

सोमवारी सकाळी चेंगट फर्मे उचलत कोपऱ्यावर आली आणि थांबली. हातावर नऊ फर्मे होते. मागून भिंगरी तिच्यावर आदळली.

"हो," चेंगट म्हणाली.

मशीन चालू होतं. "काय?" मास्तर ओरडला.

तिने मशीन बंद व्हायची वाट बघितली. "हो म्हणजे हो. करायचं लग्न."

"शनिवारी का नाही सांगितलंत मग?" मास्तरचा आवाज फाटला. "जीव जायची वेळ आली होती माझी!"

"शनिवारी एक बघायचं राहिलं होतं." तिने हातावरचे फर्मे सारखे केले. "बाकी सगळं बघून झालं होतं. तुमचा राग तेवढा बघितला नव्हता. राग बघितल्याशिवाय माणसाला हो म्हणू नये, असं आई सांगायची. तो शनिवारी दिसला."

"कुठून दिसला? तुम्ही तर गेला होतात!"

"दाराबाहेर पायरीवर होते, तुम्ही मशीनला तेल देईपर्यंत. चपलेचा पट्टा लावत होते."

"अहो, मी तासभर झाडत होतो!"

"हो," ती म्हणाली, "पट्टा जरा घट्ट झालाय." आणि दहावा फर्मा उचलून पुढे गेली. भिंगरी तिच्या मागोमाग नाचतच निघाली.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. अक्काही आली, तोंड वाकडं करून का होईना. चेंगट सही करायला बसली आणि करतच राहिली. कारकून म्हणाला, "बाई, सही करायचीय. पत्र नाही लिहायचं." मास्तर त्याला म्हणाला, "होऊ द्या हो. त्यांचं होऊ द्या." त्याच्या तोंडून असं वाक्य निघालेलं अक्काने पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या वाकड्या तोंडाची एक बाजू तिथेच सरळ झाली.

त्यांचा संसार बघण्यासारखा होता. दोन खोल्या, एक खिडकी रस्त्याकडे. तो चार मिनिटांत जेवून उठायचा आणि मग तिच्यासमोर अर्धा तास नुसता बसायचा, कारण तिचं जेवण चाललेलं असायचं. त्या अर्ध्या तासात तो बोलायला शिकला, वाक्यातल्या शेवटच्या शब्दासकट. मुलगी झाली, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या सोळा दिवसांनंतर. "आईवर गेलीय," मास्तर दवाखान्यात भेटेल त्याला सांगत सुटला. मुलगी शाळेत निघताना घरातून एकच आवाज यायचा, "चला गं चेंगट मंडळी!" आणि त्या हाकेला आई आणि लेक दोघीही एकदम "आलोच" म्हणायच्या. नंतर पंधरा मिनिटं कुणी यायचं नाही. शेजारचे लोक त्यावर घड्याळ लावत नसत, एवढंच.

आता तो कारखाना नाही. फर्मे उचलणारी यंत्रं आली, मग पुस्तकंच दुसरीकडे बांधायला जाऊ लागली. लांब टेबलाचे दोन तुकडे करून ते कुठल्याशा खानावळीने नेले. त्या खोलीत आता गाड्यांचे टायर रचलेले असतात आणि दारातून कागद-खळीच्या वासाऐवजी रबराचा वास येतो. त्या वाटेने जाणारी जुनी माणसं उगाच पाय हळू करतात. मास्तर आहे, सत्तरी ओलांडलेला, चालताना मध्येमध्ये थांबून मागे बघतो. चेंगट पाठीमागून येत असते. तिचा वेग तेव्हा होता तेवढाच आहे. बाकीचे सगळे हळू झाल्यामुळे आता तो कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

त्यांच्या लेकीच्या लग्नात भिंगरीने जमलेल्या सगळ्यांना कोपऱ्याची गोष्ट सांगितली. भिंगरी आता आजी झालेली, पण जीभ तशीच. डोळे मिटणं, मान वर करणं, सगळं करून दाखवलं. "प्रेम म्हणजे हे, पोरींनो! भर कारखान्यात, सगळ्यांच्या देखत, शंभर-शंभर वेळा थांबायची ही!" तरुण मुलींनी टाळ्या वाजवल्या. मास्तर लाजला, अंगठ्याने चष्मा पुसायला लागला. चेंगटने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिने पदर सारखा केला, हातातली वाटी खाली ठेवली, आणि ती बोलायला लागेपर्यंत लोक उठून जेवायला गेले होते.

ती सांगणार होती ते एवढंच. फर्मे उडतात म्हणून त्या खोलीत कुठेही पंखा लावलेला नव्हता. कटिंग मशीनपाशी चळती दाबपट्टीखाली असत, म्हणून फक्त त्या कोपऱ्यावर एक होता. तिला फार उकडायचं.